सरकारी पर्यावरण-ग्रँट: एक छोटी, एक मोठी, दोन्ही वापरून झाल्यावर

"ताई, तुमच्या संस्थेला ती सरकारी ग्रँट मिळाली होती ना? आम्ही पण अर्ज टाकावा का?" गेल्या वर्षभरात हा फोन मला चार जणांचा आला आणि चौघांना मी चार वेगळी उत्तरं दिली. एकाला तर "अजिबात नको" एवढंच म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी सकाळीच आमचा तिमाही रिपोर्ट तिसऱ्यांदा परत आला होता. त्याची माफी मागते आणि आता सगळं एकदाच लिहून काढते. वॉशिंग मशीन दोन-तीन वर्षं वापरल्यावर लोक लिहितात ना, काय चांगलं, कुठून गळतं, पुन्हा घेऊ का, तसंच.

आधी मी कोण ते. इथे अमेरिकेत हिशेबाची नोकरी करते आणि संध्याकाळी, शनिवारी एका वस्तीतल्या छोट्या संस्थेची बिनपगारी खजिनदार असते. वस्तीच्या एका अंगाला रेल्वेचं मालाचं यार्ड, दुसऱ्या अंगाला गोदामं, मधल्या रस्त्यावर इंजिन चालू ठेवून तासन् तास उभे राहणारे ट्रक. संस्था काढली ती दम्याच्या मुलांच्या आयांनी. मी त्यांच्यात आले तेव्हा बँकेत ६१२ डॉलर होते आणि पावत्या बुटाच्या खोक्यात. त्यानंतर आम्ही दोन ग्रँट घेतल्या. पहिली काही हजारांची, दुसरी लाखाच्या पुढची. पैसा दोन्हींत केंद्र सरकारचा, पण दुसरी एका मधल्या मोठ्या संस्थेच्या हातून आलेली, म्हणजे सबग्रँट. कोणतं खातं, कोणती संस्था, ते लिहिणार नाही. तिथली माणसं भली होती.

तारे हवे असतील तर छोटीला पाचपैकी चार. मोठीला दोन, आणि त्यातला एक निव्वळ फोनवरच्या त्या बाईंना, ज्या माझा आवाज ऐकून "आज कोणता फॉर्म?" असं विचारायच्या.

हा पैसा आला कुठून ते माहीत असलं की पुढचे नियम कमी चीड आणतात, म्हणून थोडं मागचं सांगते. १९८२ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरन परगण्यात रस्त्यांच्या कडेला बेकायदा ओतलेल्या पीसीबी नावाच्या विषारी रसायनाने नासलेली माती पुरायला राज्य सरकारने एक खड्डा काढला. आसपासची वस्ती बहुतांश कृष्णवर्णीय आणि गरीब. लोक मातीच्या ट्रकांपुढे रस्त्यावर आडवे झाले, पाचशेहून जास्त जणांना अटक झाली, माती तरीही तिथेच पुरली. (ती साफ करून संपायला २००३ उजाडलं.) पुढच्याच वर्षी संसदेच्या लेखातपासणी खात्याने आग्नेय भागातल्या आठ राज्यांतले घातक कचऱ्याचे चार खड्डे तपासले, तर त्यातले तीन कृष्णवर्णीय बहुसंख्य वस्त्यांमध्ये निघाले. 'पर्यावरण न्याय' हा शब्द त्या काळातला. धूर, सांडपाणी, कचरा कोणाच्या दाराशी येतो आणि कोणाच्या दाराशी कधीच येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ११ फेब्रुवारी १९९४ला अध्यक्ष क्लिंटन यांनी हा विचार सरकारी कामात आणणारा १२८९८ क्रमांकाचा आदेश काढला आणि त्याच वर्षी ईपीएने, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण खात्याने, वस्ती-संस्थांना छोट्या ग्रँट द्यायला सुरुवात केली.

पुढची जवळजवळ तीस वर्षं ही योजना तशी चिल्लर होती. नोटांची बंडलं आली २०२२च्या ऑगस्टमध्ये, महागाई घटवण्याच्या नावाने झालेल्या त्या मोठ्या कायद्यात. त्यातल्या एका कलमाने अशा कामांसाठी ३०० कोटी डॉलर बाजूला काढले: २८० कोटी ग्रँटसाठी आणि २० कोटी अर्ज कसा करावा, हिशेब कसा ठेवावा हे शिकवण्यासाठी. शेवटचा भाग वाचून मला हसू आलं होतं. तेव्हा अजून अर्ज भरायला बसले नव्हते.

नोंदणी. यावर फार वेळ घालवत नाही. सॅम डॉट गव्ह नावाच्या सरकारी संकेतस्थळावर संस्थेची नोंद करायची, मग तुम्हाला १२ अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. २०२२च्या एप्रिलपर्यंत यासाठी डन्स नावाचा वेगळा नंबर लागायचा, तो आता गेला. कोणी अजून तो मागितला तर समजा की त्याची माहिती शिळी आहे. नोंदणी पूर्ण फुकट आहे आणि दरवर्षी नव्याने करावी लागते. "आपली नोंदणी संपत आली आहे, अमुक डॉलर भरा" अशा ईमेल येतील. त्या सरकारी नसतात. कचऱ्यात टाका.

आमचा घोटाळा आमच्याच चुकीने झाला. संस्थेच्या स्थापनेच्या कागदावर पहिल्या सचिवबाईंच्या घरचा पत्ता होता, बँकेच्या स्टेटमेंटवर चर्चमधल्या खोलीचा, आणि कर खात्याच्या पत्रावर टपालपेटीचा नंबर. नोंदणीवाल्यांना नाव आणि पत्ता एकाच कागदावर, एकसारखा हवा. तो कागद तयार होईपर्यंत पाच आठवडे गेले आणि त्या वर्षीची तारीख हुकली. तेव्हा मी फार चिडले होते, पण दिवसभर लोकांच्या हिशेबात हेच शोधायचे पैसे घेते, तर बोलणार कोणाला?

अर्जाचं म्हणाल तर अर्ज म्हणजे एक गोष्ट आणि एक बजेट. गोष्ट सांगायला आमच्या बायका तयारच होत्या. पण 'गरज सिद्ध करा' या भागात घोडं पेंड खातं. तुमच्या वस्तीत हवा वाईट आहे हे आकड्यांनी दाखवा, असं अर्ज म्हणतो. आकडे काढायला यंत्रं हवीत, यंत्रांना पैसे हवेत, पैशासाठी तर अर्ज! वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही.

त्यावर तोडगा म्हणजे सरकारचेच नकाशे. ईपीएने २०१५ साली ईजेस्क्रीन नावाचा नकाशा सगळ्यांसाठी खुला केला होता. तुमच्या गल्लीवर बोट ठेवलं की धूर, रहदारी, घातक कचऱ्याची जवळीक, उत्पन्न, सगळं देशाच्या तुलनेत किती ते दिसायचं. आमच्यासारख्यांना तो म्हणजे आयतं जेवण होतं. २०२५च्या फेब्रुवारीत ईपीएने तो काढून टाकला, पण बाहेरच्या अभ्यासकांनी त्याची नक्कल आधीच उतरवून ठेवली होती आणि काही दिवसांत ती पुन्हा उपलब्ध केली. दुसरा नकाशा व्हाइट हाउसचा होता, कोणती वस्ती 'वंचित' धरायची ते सेन्सस ट्रॅक्टनुसार, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेल्या छोट्या विभागांनुसार, ठरवणारा. त्यात वंश हा निकष नव्हताच, उत्पन्न आणि प्रदूषणासारखे निकष होते. गंमत अशी की ट्रॅक्टच्या रेघा यार्डाच्या कुंपणावरून जातात. यार्ड एका ट्रॅक्टमध्ये आणि त्याचा धूर खाणारी घरं दुसऱ्यात. आम्ही रेघेच्या 'वंचित' बाजूला होतो म्हणून निभावलं. रस्त्यापलीकडच्या तेवीस घरांचं काय, हे मी अर्जात लिहिलं, त्यावर कोणी काही विचारलं नाही.

अर्ज पाठवण्याचं शेवटचं बटण दाबायचा अधिकार संस्थेने नेमलेल्या माणसालाच असतो. आमच्यात फक्त अध्यक्षबाई. मुदतीच्या रात्री त्यांची कारखान्यात दुसरी पाळी. मी लॅपटॉप घेऊन पार्किंगमध्ये जाऊन बसले. साडेनऊच्या सुट्टीत त्या आल्या, उजवा हातमोजा दातांनी ओढून काढला, बटण दाबलं, "झालं का?" विचारलं आणि धावत परत गेल्या. मोजा माझ्या गाडीतच राहिला. पुढे हा मोजा ग्रँटच्या फायलीत कितीतरी दिवस होता.

जमेची एक बाजू इथेच सांगते: या प्रकारच्या ग्रँटना शक्यतो स्वतःच्या खिशातून वाटा घालावा लागत नाही. दुसऱ्या बऱ्याच सरकारी योजनांत शंभराला वीस-पंचवीस तुम्ही आणा म्हणतात. ६१२ डॉलरवाल्या संस्थेला यामुळे निदान दार तरी उघडं राहतं.

दाराच्या आत मात्र पैशाची वाट बघणं आहे. सरकारी नियमात आगाऊ रक्कम उचलायची सोय आहे. ईपीएकडून थेट ग्रँट असेल तर उचललेले पैसे पाच कामकाजी दिवसांत खर्ची पडले पाहिजेत. पण सबग्रँटमध्ये मधली संस्था ठरवते, आणि आमच्या मधल्या संस्थेने ठरवलं: आधी खर्च करा, मग बिल लावा. मोठ्या विद्यापीठाला यात काही वाटत नाही. आमच्या इथे सर्वेक्षण करणाऱ्या दोन आयांचं मानधन द्यायची तारीख आली आणि खात्यात पैसे नव्हते. अध्यक्षबाईंनी स्वतःच्या क्रेडिट कार्डावर चौदाशे डॉलर उचलले. बिल मंजूर होऊन पैसे आले सात आठवड्यांनी. कार्डावरचं व्याज मी बजेटमध्ये कुठे बसतं का ते बघितलं. बसत नाही. उसन्या पैशावरचं असं व्याज नियमाने सरकारी खर्चात धरता येत नाही, आणि हा नियम मला हिशेबनीस म्हणून बरोबरही वाटतो. तरी मी ते आकडे बघत अर्धा तास बसले होते.

सभेच्या जेवणाचं बिल असंच. ८३ डॉलर. सभा संध्याकाळी सहाला, बायका कामावरून थेट येणार, मुलं सोबत. जेवण नसेल तर कोणी येणार नाही हे लहान मूलही सांगेल. पण त्याची मंजुरी आधी घ्यायची होती, ती घेतली नव्हती, बिल परत. ते मीच भरलं. पुढच्या सभेपासून अर्जातच 'सहभागींसाठी अल्पोपाहार, संध्याकाळची वेळ, कारण असे' हे आधी लिहून मंजूर करून घेतलं आणि मग कधी अडचण आली नाही. छोट्या ग्रँटच्या वेळी मात्र हा सगळा कागद बघून आमच्या एका बाईंचं तोंड पडलं होतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

हिशेब ठेवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. वीज, भाडं, माझ्यासारख्याचा वेळ असले जे खर्च कोणत्याही एका कामावर टाकता येत नाहीत, त्यांच्यासाठी ठरावीक टक्के धरता येतात. ज्यांचा सरकारशी ठरवलेला दर नाही त्यांना पूर्वी १० टक्के मिळायचे, १ ऑक्टोबर २०२४पासूनच्या नियमात १५. ते मागा! संकोचाने शून्य लिहिणाऱ्या संस्था मी बघितल्या आहेत, आणि मग वर्षाअखेरीस त्यांच्या दिव्यांचं बिल कोण भरतं ते विचारू नका. दुसरं, वर्षाला सरकारी पैशातून १० लाख डॉलर किंवा जास्त खर्च झाला तर सरकारी नियमांप्रमाणे वेगळं ऑडिट लागतं (आधी ही मर्यादा साडेसात लाख होती). आम्ही तिथपर्यंत कधी पोचलोच नाही, पण दोन-तीन ग्रँट एकत्र आल्या तर चटकन पोचतो. आणि टाइमशीट रोजच्या रोज भरा. बजेटमध्ये आठवड्याला दहा तास लिहिलेत म्हणून टाइमशीटवर दर आठवड्याला दहाच तास दिसले, तर तपासणाऱ्याच्या भुवया उंचावतात, आणि उंचावायलाच हव्यात.

आता ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त बोटं मोडली आणि जे शेवटी सगळ्यात कामाचं निघालं, त्याबद्दल.

त्याला म्हणतात 'क्वॉप'. पूर्ण नाव घेतलं तर क्वालिटी अश्युरन्स प्रोजेक्ट प्लॅन, पण तिथे कोणी पूर्ण नाव घेत नाही. हवा, पाणी, माती, काहीही मोजणार असाल तर कोण मोजणार, कशाने, किती वेळा, यंत्र बिघडलं तर काय, आकडे कोण तपासणार, कुठे ठेवणार, हे सगळं आधी लिहून मंजूर करून घ्यायचं. मंजुरीच्या आधी मोजलेलं धरत नाहीत. आमचा क्वॉप ४१ पानांचा झाला. लिहायला दोन महिने, मंजुरीला चार.

आमच्याकडे एक आजी आहेत, शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट ट्रकांच्या रस्त्यावर. ग्रँट मिळायच्या आधी आठ महिने त्या रोज सकाळी सहा ते आठ खिडकीत बसून ट्रक मोजायच्या. नातवाची जुनी शाळेची वही, पानावर मधोमध रेघ, एका बाजूला 'चालू', दुसऱ्या बाजूला 'बंद', आणि चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी. पावसातही चुकल्या नव्हत्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी ती वही टेबलावर ठेवली. समोरच्या अधिकाऱ्याने ती दोन्ही हातांनी उचलून बघितली, पानं उलटली आणि फार नरम आवाजात सांगितलं की हा डेटा म्हणून धरता येणार नाही. "याला आपण 'निरीक्षण' म्हणू." आजी काही बोलल्या नाहीत. वही पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खिडकीत होत्या, असं त्यांच्या सुनेने सांगितलं.

क्वॉप लिहायला आम्हाला विद्यापीठातली एक मुलगी मदत करत होती. ती म्हणाली, दोघांनी एकाच वेळी मोजून आकडे जुळतात का ते बघायला हवं, तसं केल्याशिवाय पद्धत मंजूर होणार नाही. म्हणून आठवडाभर ती आजींच्या शेजारी स्टुलावर बसली. आकडे जुळले नाहीत. उभ्या ट्रकांची संख्या दोघींची सारखी, पण इंजिन चालू असलेले ट्रक आजींचे रोज जास्त. मुलीला वाटलं आजी वाढवून लिहितात. मला पण, खरं सांगायचं तर, क्षणभर तसंच वाटलं.

मुलगी कानाने मोजत होती. यार्डात रेल्वे इंजिनांची घरघर, गोदामाचे पंखे, त्यात एखाद्या ट्रकाचा आवाज वेगळा काढणं अवघड. आजी कान लावतच नव्हत्या. जुन्या ट्रकांच्या केबिनमागे उभं धुराडं असतं, त्याच्या तोंडावर पावसासाठी एक छोटं लोखंडी झाकण. इंजिन चालू असलं की ते झाकण थरथरतं, ताटलीवर नाणं नाचावं तसं. बंद असलं की टोपीसारखं गप्प बसतं. आजींनी तीस वर्षं डेपोत गाड्या बघितलेल्या. "आवाज कशाला ऐकायचा? ते बघ ना, हलतंय." त्यांनी खिडकीतून बोटाने दाखवलं आणि मग मलाही ते दिसायला लागलं, एकामागे एक, सगळ्या रांगेभर.

ते झाकण क्वॉपच्या १७व्या पानावर गेलं: उभं धुराडं असल्यास झाकणाची हालचाल हा मुख्य निकष, नसल्यास आवाज. आणि तो क्वॉप मंजूर झाल्यावर आजींच्या मोजणीला गावच्या सभेत कोणी 'निरीक्षण' म्हणू शकलं नाही. गोदामवाल्यांचा वकील पद्धतीवर प्रश्न विचारायला उठला, तर आम्ही ४१ पानं पुढे केली. म्हणून आता कोणी "क्वॉप म्हणजे नुसता छळ" म्हणालं की मी मान डोलावते आणि मनात म्हणते, आहेच, पण तो तुमच्या वहीला वजन देतो. जुन्या आठ महिन्यांच्या वह्या मात्र हिशेबात कधीच आल्या नाहीत. ते मला अजून टोचतं.

सेन्सरचं थोडक्यात. स्वस्तातले पीएम २.५चे, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे, सेन्सर दमट हवेत जास्त आकडा दाखवतात. त्यामुळे ते आधी काही आठवडे सरकारच्या अधिकृत यंत्राशेजारी लावून फरक काढावा लागतो. तो वेळ बजेटमध्ये धरा. २०२४च्या फेब्रुवारीत ईपीएने पीएम २.५ची वार्षिक मर्यादा घनमीटरला १२ मायक्रोग्रॅमवरून ९वर आणली, पण तुमच्या खांबावरच्या स्वस्त सेन्सरने ११ दाखवलं म्हणून कायदा मोडला असं होत नाही. त्याचा उपयोग कुठे आणि कधी धूर जास्त हे दाखवायला. त्या बाबतीत आमचे सेन्सर छान चालले, एक सोडून. तो खारींनी कुरतडला.

आणि एक कानमंत्र: या पैशातून लॉबिंग, म्हणजे कायद्यासाठी लोकप्रतिनिधींवर वजन टाकणं, करता येत नाही, केंद्र सरकारवर खटला तर नाहीच नाही. वस्तीतल्या लोकांना हे पहिल्या दिवशी सांगा. आमच्याकडे उत्साहाच्या भरात एका पत्रकावर "या विधेयकाला पाठिंबा द्या" छापलं गेलं. ते पत्रक ग्रँटच्या कागदावर, ग्रँटच्या शाईत. सगळी छपाई आम्ही वर्गणीच्या पैशात वळती केली आणि पुढे दोन वेगळी कागदाची रिमं ठेवली, एकावर मोठा लाल ठिपका.

मग छोटीला चार तारे का? कारण तिच्यात आम्ही पडलो तरी लागलं नसतं. काही हजारांत एक सर्वेक्षण, आठ सभा, एक नकाशा. पण त्याच जोरावर आमच्याशी पालिका बोलायला लागली. छोट्या ग्रँटने काय होतं याचं या देशातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गचं. बंद पडलेला खतकारखाना आणि जुनं कचऱ्याचं मैदान यांच्यामध्ये सापडलेली वस्ती. हॅरॉल्ड मिचेल यांनी तिथे रीजेनेसिस नावाची संस्था काढली. तिला ईपीएची २०,००० डॉलरची छोटी ग्रँट मिळाली, आणि तिच्या पायावर पुढे वेगवेगळ्या ठिकाणांहून २७ कोटी डॉलरहून जास्त आले: दवाखाने, घरं, साफसफाई. मिचेल पुढे राज्याच्या विधानसभेतही गेले. सगळ्यांचं असं होत नाही, आमचं तर नाहीच झालं. पण वीस हजारांत संस्था उभी कशी राहावी हे शिकता येतं, आणि दोन कोटींत ते शिकायला सवड नसते.

दोन कोटी हा आकडा मी हवेत सोडलेला नाही. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ईपीएने साधारण २०० कोटी डॉलरची 'कम्युनिटी चेंज' नावाची योजना जाहीर केली. त्यात मोठ्या गटात एकेका प्रकल्पाला १ ते २ कोटी डॉलर, छोट्या गटात १० ते ३० लाख. कायद्याने सगळं तीन वर्षांत संपवायचं. त्या योजनेत चांगल्या गोष्टी होत्या. वर्षभर कधीही अर्ज करता यायचा, तोंडी सादरीकरणाची सोय होती. तरीही तीन वर्षांत दोन कोटी खर्च करू शकणारी वस्ती-संस्था मी अजून बघायची आहे. त्यामुळे अर्जात नाव वस्तीचं आणि कामाच्या चाव्या मोठ्या भागीदाराकडे, असं होण्याचा धोका राहतो. आमच्या लाखभराच्या सबग्रँटमध्येही मला त्याची झलक दिसली. बैठका आमच्या खोलीत, पण अजेंडा दर वेळी बाहेरून छापून यायचा.

आणि २०२५. तो भाग तर जगजाहीर आहे. २१ जानेवारीला नव्या अध्यक्षीय आदेशाने क्लिंटन यांचा १९९४चा आदेश रद्द झाला. १० मार्चला ईपीएने ४०० हून जास्त ग्रँट, १७० कोटी डॉलरच्या, बंद केल्याचं जाहीर केलं. ४ जुलैला सही झालेल्या कायद्याने २०२२च्या त्या कलमातला अजून वाटून न झालेला पैसा काढून घेतला. अलास्कातल्या किपनुक गावाला नदीचा काठ सावरायला सुमारे दोन कोटींची ग्रँट मंजूर होती, ती मे महिन्यात रद्द झाली. ऑक्टोबरमध्ये हालोंग वादळाचे अवशेष तिथे येऊन धडकले, घरं वाहून गेली, गाव रिकामं करावं लागलं. ग्रँट असती तर तेवढ्या पाच महिन्यांत काठ बांधून झाला असता असं मी म्हणत नाही, तो झाला नसताच. पण गावाने धोका कोणता आहे ते अर्जात लिहून दिलं होतं.

आमचं पत्र ईमेलने आलं. खात्याच्या आताच्या प्राधान्यांशी काम जुळत नाही, अशा अर्थाची दोन वाक्यं आणि खाली हिशेब कसा मिटवायचा याच्या सूचना. मी करारपत्र पुन्हा काढलं. केंद्राच्या ग्रँट नियमावलीत कलम २००.३४० आहे, त्यात हा मार्ग आधीपासून ठेवलेला आहे. सही करताना मी ते वाचलं होतं का? वाचलं होतं, आणि ही नेहमीचीच वाक्यं असतात म्हणून पान उलटलं होतं. लोकांची करारपत्रं वाचून पोट भरणारी मी!

पत्राच्या तारखेपर्यंतचे खर्च मिळाले. त्यानंतरच्या आठवड्यात येणार असलेले हवा शुद्ध करायचे चाळीस पंखे मिळाले नाहीत. दम्याची मुलं असलेल्या चाळीस घरांची यादी आम्ही करून ठेवली होती, प्रत्येक घरी जाऊन खोली मोजून. त्या चाळीस घरी फोन करायचं काम कोणालाच नको होतं. अध्यक्षबाईंनी वीस केले, मी वीस. एका घरच्या मुलीने विचारलं, "म्हणजे नंतर येतील?"

तर फोन करणाऱ्या चौघांनो, माझं उत्तर असं. अर्ज टाका, छोट्यासाठी टाका. केंद्राकडे सध्या या नावाने फारसं काही उरलेलं नाही, पण राज्यांकडे आहे. न्यू यॉर्कच्या पर्यावरण खात्याच्या अशा ग्रँट वर्षानुवर्षं चालू आहेत, कॅलिफोर्नियात २०१७च्या एबी ६१७ कायद्यामुळे वस्तीपातळीवर हवा मोजायला पैसे मिळतात. तुमच्या राज्यात काय आहे ते बघा. मंजुरीपत्र म्हणजे पैसे नव्हेत. पत्राच्या भरवशावर जागा भाड्याने घेऊ नका, माणूस नेमू नका. हप्ता आला की लगेच ठरल्या कामावर खर्च करा आणि त्याच महिन्यात बिल लावा, साठवून ठेवू नका. आगाऊ रक्कम देणार का, हा प्रश्न मधल्या संस्थेला सही करायच्या आधी विचारा, लेखी. मोजणी करणारं कोणी वस्तीत आधीपासून असेल, आणि असतंच, तर क्वॉप लिहिताना त्यांना पहिल्या दिवसापासून टेबलावर बसवा.

मोठी पुन्हा घेईन का? आजींनी गेल्या महिन्यात नवी वही आणली, यंदा जाड पुठ्ठ्याची. त्यांनी हाच प्रश्न विचारला तर मला नाही म्हणता येणार नाही, म्हणून मी अजून त्यांच्यासमोर हा विषय काढलेला नाही.

सबग्रँट बंद झाल्यावर शेवटचा रिपोर्ट ९० दिवसांत द्यायचा असतो; आमचा ८८व्या दिवशी गेला. आणि हो, आज रात्रीच एक काम करा: बँकेच्या स्टेटमेंटवर आणि स्थापनेच्या कागदावर संस्थेचा पत्ता तोच आहे का ते बघा.